एक सुलट, एक उलट : कोकणातल्या गळपट्ट्याचा इतिहास

पेण आणि रोहा ही काही थंडीची गावे नव्हेत. खाडीवरचा दमट वारा, चार महिने कोसळणारा पाऊस आणि ज्यांना थंडीचे म्हणावे असे पौष-माघातले मोजके दिवस. अशा प्रदेशात लोकरीचा नक्षीदार गळपट्टा रुजला कसा?

मराठीत 'विणणे' हे क्रियापद मागासाठीही वापरतात आणि सुयांसाठीही. इतिहास मात्र दोघांचे वेगळे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते, तिथेच चौल-रेवदंडा आहे. १५८०च्या दशकात भारतात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने चिनी कच्च्या रेशमाचे कापड चौलला विणले जात असल्याचे नोंदवले आहे. मागावरचे कापड जहाजावर चढले, त्यावर जकात बसली, म्हणून ते कागदोपत्री आले. सुयांवरचे विणकाम घरातून घरातच गेले. त्याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटली नाही.

सुयांची ही कला मुळात बाहेरची. इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे अवशेष सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. उलट टाक्याच्या नक्षीचा प्रसिद्ध जुना पुरावा फ्लॉरेन्सची डचेस एलेनोरा हिच्या मोज्यांत मिळतो. १५६२ साली तिला ते घालूनच पुरले होते. मराठी मुलुखात सुईकाम मुलींच्या शाळांतून पसरले. १८२७च्या अखेरीस मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार यांच्यासारख्या मिशनरी शिक्षिकांच्या काळापासून लेखन-वाचनाच्या जोडीने हातकामही शिकवले जाऊ लागले.

गळपट्ट्यावरची नक्षी निव्वळ हौसेची नसते, हे येथे सांगायला हवे. समोरून सगळे सुलट टाके दिसतील असा पट्टा विणला, तर त्याच्या कडा आत वळतात आणि त्याची सुरळी होते. सुलट-उलट टाके आलटून-पालटून घातले की ताण दोन्ही बाजूंना वाटला जातो व पट्टा सपाट राहतो. शिवाय गळपट्ट्याची मागची बाजूही दिसतेच. म्हणून दोन सुलट, दोन उलट अशी दोन्हीकडून सारखी दिसणारी वीण त्याला शोभते. वेणी आणि जाळी हे पुढचे धडे.

थंडी नसली तरी रुखवत होते, बाळंतविडा होता. तिथे मांडलेले विणकाम म्हणजे मुलीच्या शिक्षणाचे सर्वांना दिसणारे प्रमाणपत्रच! त्यावर नाव मात्र कुणाचेच नसे.

त्यातले फारसे उरलेही नाही. गळपट्टा जुना झाला की तो उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची, गुंडे करायचे आणि धाकट्यासाठी कानटोपी विणायची. वेलबुट्टी जाऊन लोकर तेवढी पुढे सरके. इजिप्तच्या कोरड्या वाळूने सुती मोजे शतकानुशतके सांभाळले. कोकणातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र, उसवण्यातून जे वाचले, ते दमट हवेने आणि कसरीने संपवले.