संत निकोलसच्या भूमीतील नववर्ष

डिसेंबरच्या अखेरीस इस्तंबूलच्या बाजारपेठेत पाऊल ठेवणाऱ्या परक्यास वाटावे, येथे नाताळ चालू आहे. दुकानांत शृंगारलेली झाडे, लाल अंगरख्यातील पांढऱ्या दाढीचा ‘नोएल बाबा’, भेटवस्तूंची खरेदी! परंतु बहुसंख्य मुसलमान असलेल्या तुर्कस्तानातील हा थाट ख्रिस्तजन्माचा नव्हे, तर ‘यिलबाशी’चा, म्हणजे वर्षारंभाचा असतो.

ही प्रथा फार जुनी नाही. उस्मानी काळात धर्मकार्ये हिजरी चांद्रवर्षाने, तर सरकारी हिशेब ‘रूमी’ सौरवर्षाने चालत. अतातुर्क यांच्या प्रजासत्ताकाने डिसेंबर १९२५ मध्ये कायदा केला आणि १३४१ च्या ३१ डिसेंबरनंतर एकदम १९२६ चा १ जानेवारी उजाडला. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये सुधारलेली कालगणना अशा रीतीने तुर्कांचीही झाली. १९३५ मध्ये १ जानेवारीस सार्वजनिक सुटी मिळाली.

त्या रात्री कुटुंब एकत्र जेवते. आपण ज्या पक्ष्यास ‘टर्की’ म्हणतो, त्यास तुर्क ‘हिंदी’ म्हणतात. पक्षी मूळचा मात्र अमेरिकेचा! जेवणानंतर तोंबाला हा आकड्यांचा खेळ रंगतो, राष्ट्रीय सोडतीच्या निकालाची वाट पाहिली जाते, आणि काही घरी भरभराटीसाठी उंबरठ्यावर डाळिंब फोडतात.

आणि नोएल बाबा? तो तर त्याच मातीतला. चौथ्या शतकातील संत निकोलस हे मायरा नगरीचे बिशप. रोमला नेला जाणारा संत पौल जेथे दुसऱ्या गलबतावर चढला, तीच ही मायरा. आज तिचे नाव देम्रे. तीन गरीब बहिणींच्या हुंड्यासाठी या संताने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. १०८७ मध्ये खलाशांनी त्यांच्या अस्थी इटलीतील बारी येथे नेल्या. देम्रेतील पुरातन चर्च मात्र अद्याप उभे आहे.

तरीही हा सण परधर्मीयांचा, असा आक्षेप तेथील काही धर्मनिष्ठ मंडळी दरवर्षी घेतात. त्याही पलीकडे, १ जानेवारी २०१७ च्या पहाटे इस्तंबूलमध्ये नववर्ष साजरे करणाऱ्या ३९ जणांना एका बंदूकधाऱ्याने ठार केले. मृतांत दोन भारतीय होते.

आपल्याच भूमिपुत्रास परका मानणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. पण आपल्या अंगणात कापसाची दाढी लावून नाचणाऱ्या सांताक्लॉजमागे दडलेला तो बिशप आपल्या मुलांना तरी कोठे ठाऊक आहे? तुर्क त्याचे नाव विसरले, तरी त्याचे देणे त्यांनी जपले. आपण नाव जपतो. देणेही जपू या, कोणाच्या नजरेस न पडता, त्याच्यासारखेच.