ख्रिस्ती धर्मशिक्षण : वऱ्हाडातील स्थानिक मंडळ्या

ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे अध्ययन आणि येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीनुसार आयुष्य घडविण्याची साधना, म्हणजेच ‘शिष्यत्व’, ही दोन्ही स्थानिक उपासक-समुदायाच्या (मंडळीच्या) आश्रयाने चालविण्याची पद्धती. नव्या करारात ‘शिष्य’ या अर्थी येणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात विद्यार्थी व भक्त असा भेद नव्हता. बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घकाळ, काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत, शिक्षण घ्यावे लागे आणि ते मंडळीतच मिळे. धर्मसेवकांसाठी स्वतंत्र विद्यालये हा बराच नंतरचा प्रकार होय. रोमन कॅथलिक पंथात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये अशी विद्यालये काढण्याचा आदेश दिला. प्रॉटेस्टंट पंथांत मार्टिन ल्यूथरची १५२९ मधील लहान प्रश्नोत्तरी कुटुंबाकुटुंबांतून शिकविली जाई, तर पाळकांचे शिक्षण विद्यापीठांत होई. सर्वसामान्यांचा एक मार्ग आणि धर्मसेवकांचा दुसरा, अशी ही विभागणी मिशनऱ्यांबरोबर भारतातही आली.

मराठीत मात्र या अध्ययनाचा आरंभ विद्यालयातून नव्हे, तर चर्चमधील वाचनातून झाला. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती श्रोत्यांना पुराणश्रवणाची सवय होती व ती सुटल्याने निर्माण झालेली पोकळी भरून काढणे, हा त्यामागील हेतू होता. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातून सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा विषय निरक्षर श्रोत्यालाही कानांनी शिकता येई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि ही परंपरा क्षीण झाली. भाषा काढून घेतली की अध्ययनही मूठभरांच्या हाती जाते, याचे हे मराठी प्रदेशातील पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल. प्रॉटेस्टंट कार्यात श्रीरामपूर (बंगाल) येथून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. १८१३ पासून मुंबईत व १८३१ पासून अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा, धर्मविद्यालय आणि १८४२ मध्ये सुरू झालेले ज्ञानोदय हे नियतकालिक यांच्या द्वारा मराठी धर्मवाङ्‌मयाचा पाया घातला.

वऱ्हाडात हे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. फ्री मेथडिस्ट पंथाचे अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी १८८१ मध्ये भारतात येऊन बऱ्हाणपूर येथे राहिले. पुढे यवतमाळ हे या पंथाचे प्रमुख केंद्र बनले. अकोला, खामगाव, अमरावती या बाजूस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे काम पसरले. अमरावती–यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर हा तालुका या दोन क्षेत्रांच्या मधल्या पट्ट्यात येतो. मेळघाटातील परिस्थिती आणखी निराळी होती, कारण कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून तेथील लोकांना मराठी शास्त्रपाठही परभाषेतलाच होता.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनी या मंडळ्यांचे स्वरूप ठरविले. मिशनच्या अनाथालयांत आलेली मुले-मुली अक्षरओळख, हस्तव्यवसाय आणि शास्त्रपाठ एकाच छपराखाली शिकली, आणि त्यांतूनच पुढे उपदेशक, शिक्षक व घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्र वाचून दाखविणाऱ्या ‘बायबल-बाया’ निर्माण झाल्या. या व्यवस्थेने अनेकांना साक्षर केले, हे निर्विवाद. परंतु धर्मज्ञान व मिशनचे वेतन यांची तिने सांगडही घातली. शास्त्र सखोल शिकायचे ते पगारी उपदेशकाने आणि ऐकायचे इतरांनी, अशी समजूत त्यातून दृढ झाली. मंडळीतील धर्मशिक्षणाची पुढील सर्व चर्चा याच प्रश्नाभोवती फिरते.

याच वॉर्ड यांच्याशी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत गाठ पडली. (हे संस्थानी नांदगाव आज छत्तीसगढात आहे. वऱ्हाडातील नांदगावाशी त्याचा संबंध नाही.) त्यांनी दिलेल्या शास्त्राच्या प्रतीपासून टिळकांचे अध्ययन सुरू झाले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते अहमदनगरला धर्मविद्यालयात शिकवू लागले व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तथापि, त्यांचा मोठा वाटा विद्यालयाबाहेरचा आहे. कीर्तन, भजन आणि अभंग या रूपांत त्यांनी ख्रिस्ती तत्त्वविचार मंडळीच्या मुखी दिला. धर्मसिद्धांताचे एकही पुस्तक न वाचलेल्या शेतमजुराला ख्रिस्ताच्या मनुष्यत्वाविषयी व दुःखसहनाविषयी जे ठाऊक असते, ते पुष्कळदा टिळकांच्या पदांमधून आलेले असते. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. वेतनाशी जोडले गेलेले धर्मज्ञान सोडविण्याचा हा सर्वांत धाडसी यत्न होता. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाल्याने तो पुरता उभा राहिला नाही.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. छपाईचे कामही आश्रमातील स्त्रियांकडून करवून घेतले. हे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णपणे प्रकाशित झाले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला शास्त्र स्वतः वाचता यावे, मध्यस्थ लागू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होऊ लागले, तेव्हा भारतीय पाळकांच्या उच्च शिक्षणाची निकड वाढली. अनेक सुवार्तावादी मंडळ्या व मिशन यांच्या सहकार्याने १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था उभी राहिली. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारत मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली तेव्हा वऱ्हाडातील वरील दोन्ही पंथ तिच्याबाहेर राहिले. त्यामुळे अशा सामायिक विद्यालयाचे महत्त्व विशेष होते. कापसाच्या बाजारपेठेचे यवतमाळ भारताच्या दूरदूरच्या प्रांतांतील विद्यार्थ्यांचे शिक्षणकेंद्र झाले. पण माध्यम इंग्रजी असल्यामुळे शेजारच्या तालुक्यांतील मराठी मंडळ्यांना तिचा लाभ बव्हंशी पाळकांमार्फतच, अप्रत्यक्षपणे झाला. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला बिबवेवाडी येथे गेली. विद्यालयाच्या वाढीस ते उपकारक ठरले असेल, पण वऱ्हाडाने दारातील ज्ञानपीठ गमावले.

दरम्यान ग्वातेमालातील प्रेसबिटेरियन धर्मविद्यालयाने १९६३ मध्ये एक वेगळा प्रयोग केला होता. विद्यार्थ्याने घरदार सोडून विद्यालयात येण्याऐवजी विद्यालयानेच त्याच्या गावी जावे, ही ती कल्पना. भारतात या विस्तार-शिक्षणासाठी १९७१ मध्ये ‘टॅफ्टी’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. पद्धती साधी आहे. विद्यार्थी छापील पाठ घरी क्रमाक्रमाने सोडवितो आणि ठरावीक दिवशी मार्गदर्शकासह लहान गटात बसतो. तेथे व्याख्यान होत नाही. पाठ सर्वांनी वाचलेला असतो आणि तो आपल्या मंडळीत कसा लागू पडतो, एवढीच चर्चा चालते. नांदगाव खंडेश्वरसारख्या ठिकाणच्या शिक्षकाला, परिचारिकेला वा कोरडवाहू शेतकऱ्याला तीन-चार वर्षे बाहेर राहणे अशक्य असते. कापसाच्या वेचणीचे महिने टाळून, रविवारच्या उपासनेनंतर वा संध्याकाळच्या गृहसभेस जोडून चालणारा अभ्यास त्याला झेपतो. शिवाय क्षमा, जातिभेद, व्यसनमुक्ती, कर्जबाजारीपणा हे विषय त्याला परीक्षेपुरते नसतात. त्याचे उत्तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तपासले जाते आणि शिष्यत्वाचा खरा कस तेथेच लागतो.

या पद्धतीच्या मर्यादाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. मूळ भाषांचे ज्ञान, ग्रंथालय व विद्वानांचा सहवास यांची उणीव छापील पाठ भरून काढू शकत नाहीत. चांगला मार्गदर्शक नसेल तर गट पाठांतरावर येतो. प्रगत अध्ययनासाठी लागणारे मराठी ग्रंथ अपुरे असल्याने जिज्ञासू विद्यार्थी अखेर इंग्रजीकडेच वळतो. अधिकाराचा प्रश्नही शिल्लक आहे. असा अभ्यास केलेली व्यक्ती प्रवचन करू शकते, गृहसभा चालवू शकते, आजाऱ्याजवळ प्रार्थना करू शकते, परंतु बाप्तिस्मा देणे व प्रभुभोजनाचा विधी चालविणे हे अधिकार बहुतेक पंथांत दीक्षित पाळकाकडेच राहतात. एका पाळकाकडे अनेक गावे असल्यास शिकलेल्या, समर्थ माणसांच्या मंडळीलाही प्रभुभोजनासाठी त्याच्या फेरीची वाट पाहावी लागते.