अमेरिका पॅरिस करारातून बाहेर पडली, मग ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचं काय?

नवी मुंबईत ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठावर वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. थंडी पडली की इथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. हे केंद्र २०१७ मध्ये भारत आणि जर्मनीच्या सहकार्यातून उभं राहिलं. जर्मनीने आपला वाटा हवामान बदलासाठी राखलेल्या निधीतून दिला होता.

त्याच वर्षी १ जूनला डोनाल्ड ट्रम्प यांनी पॅरिस करार सोडण्याची घोषणा केली. तेव्हाही 'आता सगळं संपलं' असंच म्हटलं गेलं होतं. प्रत्यक्षात काय झालं?

करार सोडणं इतकं सोपं असतं का?

करार लागू झाल्यावर पहिली तीन वर्षं बाहेर पडण्याची नोटीस देता येत नाही आणि नोटीस दिल्यावर आणखी एक वर्ष थांबावं लागतं. त्यामुळे अमेरिका बाहेर पडली ती थेट ४ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे ट्रम्प हरले त्या निवडणुकीच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. बायडन यांनी १९ फेब्रुवारी २०२१ ला देशाला पुन्हा करारात आणलं.

२०२५ मध्ये ट्रम्प परतले आणि पहिल्याच दिवशी पुन्हा तोच आदेश निघाला. या वेळी तीन वर्षांची अट आड येणार नव्हती, त्यामुळे फक्त एका वर्षाची मुदत उरली. हा ब्रेक आता पूर्वीइतका घट्ट नाही, हे मान्यच करावं लागेल.

आणि पैसा?

खरा फटका इथेच बसतो. गरीब आणि विकसनशील देशांसाठी असलेल्या हरित हवामान निधीला अमेरिकेने ३ अब्ज डॉलर कबूल केले होते. ओबामांच्या काळात १ अब्ज मिळाले आणि उरलेले ट्रम्प यांनी रोखले. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये याच निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. खारफुटी जपणं आणि किनाऱ्यावरच्या लोकांना उपजीविकेचे नवे मार्ग देणं, हा त्यामागचा उद्देश. एका देशाने हात आखडता घेतला, पण बाकीच्यांनी घातलेले पैसे निधीत होते.

पक्ष्यांचा यात काय संबंध?

खारफुटी आणि तिच्याखालचा चिखल भरपूर कार्बन धरून ठेवतात आणि भरतीच्या लाटांचा जोरही कमी करतात. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये जाहीर झाला. २०२२ मध्ये खाडीला 'रामसर स्थळ' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. या सात वर्षांत महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री पाहिले.

रामसर कराराची स्वतःची गोष्टही मजेशीर आहे. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर शहरात तो झाला, तेव्हा तिथे शहांची राजवट होती. आठ वर्षांत क्रांती झाली, शहा गेले, देशाचं नावही बदललं. करार मात्र टिकला. इराण अजूनही त्यात आहे आणि भारत १९८२ पासून आहे.

मग चिंता कशाची?

वॉशिंग्टनपेक्षा जवळची. फ्लेमिंगो फक्त अभयारण्याच्या हद्दीत राहत नाहीत. खाडीला मोठी भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ जागा शोधतात. २०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने हा तलाव कोरडा पडला होता. त्यावर पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला आणि पाण्याचा मार्ग मोकळा करावा लागला. त्यासाठी कुठल्याही जागतिक परिषदेची गरज पडली नाही, पाठपुरावा मात्र बराच करावा लागला.

ऐरोलीच्या बोटींचं वेळापत्रक आजही भरती-ओहोटी बघूनच ठरतं. जायचं असेल तर आधी बुकिंग करा, कारण पाणी उतरलं की बोट चिखलात अडकते.