हरणांसाठी पेरलेली चवळी



मागच्या बैठकीत आपल्या गटात राखणीचा विषय निघाला होता. मृगाचा पाऊस झाला, मूग-चवळी दोन-दोन पानांवर आली की काळविटांचे कळप उतरतात. पुढं तुरीला शेंगा लागल्या की रानडुकरं येतात. मग घरातला एक माणूस बॅटरी घेऊन रानात, आणि तो कामासाठी बाहेरगावी असला तर आपण. पत्र्याचा डबा बडवत रात्र काढायची आणि सकाळी उठून भाकरी थापायच्या. हे बोलणं चाललं असताना एक ताई म्हणाल्या, "माझा भाचा सांगतो, अमेरिकेत लोक हरणांनी खावं म्हणून मुद्दाम शेत पेरतात. चवळी पेरतात, पावटा पेरतात." सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "मग आमची हरणं घेऊन जा म्हणावं तिकडं."

हसण्यावारी गेलेली गोष्ट आम्ही मात्र सोडली नाही. शोधलं, वाचलं, विचारलं. भाचा खरं सांगत होता. पण त्यामागं तीनशे-साडेतीनशे वर्षांची हकीकत आहे. आज ती सांगायची आहे, कारण त्यातलं बियाणं आपल्या ओळखीचं आहे आणि त्यातलं दुखणंही.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण फार. युरोपातले लोक तिथं पोचण्याआधी ही हरणं कोटींच्या संख्येनं होती, तीन कोटींच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. तिथले मूळचे लोक शिकार करायचे, पण जंगलाचा काही भाग ठरवून जाळायचेही. जळालेल्या जागी कोवळा पाला फुटायचा आणि हरणं तिकडं यायची. म्हणजे पेरणी न करता केलेली ती हरणांची कुरणंच.

त्या लोकांत कितीतरी ठिकाणी शेती बायकांच्या हाती होती. मिसुरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीतल्या एका बाईंनी आपल्या शेतीची सगळी रीत सांगितली आणि ती १९१७ साली पुस्तकात छापली गेली. बफेलो बर्ड वुमन हे त्यांचं नाव. मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल ही त्यांची पिकं. त्या सांगतात की मका दाण्यावर आला की शेताशेजारी माळा उभारायचा, त्यावर मुली आणि तरुण बायका बसायच्या आणि गाणी म्हणत पीक राखायच्या. कशापासून? कावळे, घोडे आणि कणसं चोरणारी वात्रट पोरं! वाचताना आमच्यातल्या कितीजणींना आपला माळा, गोफण आणि ज्वारीवरची पाखरं आठवली. राखण करणारी बाई सगळ्या जगात एकच दिसते.

मग व्यापार आला. युरोपात हरणाच्या कातड्याला मोठी मागणी होती. १६९९ ते १७१५ या काळात एकट्या कॅरोलायना वसाहतीतून वर्षाला सरासरी ५०,०००च्या वर कातडी बाहेर गेली. शिकार पुरुष करायचे, पण कातडं खरवडून, भिजवून, मऊ करण्याचं काम मूळ रहिवासी बायकांच्या हातांनी व्हायचं. पुढं जंगलं तुटली, रेल्वे आली, शहरात मांस विकायला शिकारी टोळ्याच उभ्या राहिल्या. १९०० साल उजाडलं तेव्हा त्या कोट्यवधी हरणांपैकी तीन ते पाच लाखच उरली असावीत असं अभ्यासक सांगतात. कितीतरी राज्यांत माणसाला जन्मात हरीण दिसेनासं झालं.

त्याच साली, १९०० मध्ये, लेसी कायदा झाला. चोरून मारलेल्या वन्यप्राण्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापार करायला बंदी आली. १९३७ साली आणखी एक कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. जिथं हरणं उरली होती तिथून पकडून ती दुसरीकडं सोडली. हळूहळू कळप वाढले. आज तिथं पुन्हा तीन कोटींच्या आसपास हरणं आहेत. इतकी, की तिथला सोयाबीनवालाही आता आपल्यासारखाच डोक्याला हात लावून बसतो.

पण जंगली जनावरासाठी पेरायची पद्धत हरणांपासून सुरू झाली नाही. ती आधी पाखरांसाठी आली. जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर श्रीमंतांच्या मोठ्या जमिनी होत्या, तिथं लाव्यासारख्या पाखरांची शिकार चाले. पाखरं घटली तेव्हा हर्बर्ट स्टॉडर्ड नावाच्या अभ्यासकानं त्यांच्या खाण्याचा, घरट्यांचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९३१ साली मोठा ग्रंथ लिहिला. पाखरांसाठी दाण्याचे छोटे-छोटे तुकडे पेरायचा रिवाज त्या काळात पसरला. त्यात एक चूकही झाली. आशियातून आणलेलं लेस्पेडेझा नावाचं झुडूप पाखरांना दाणा मिळावा म्हणून सरकारी उत्तेजनानं लावलं गेलं. ते बेफाम पसरलं आणि आज तेच उपटायला माणसं लागतात. घाणेरी आणि विलायती बाभूळ आपल्याला काय सांगून गेली, तीच ही गोष्ट.

हरणांसाठी पेरणी जोरात आली ती १९७०नंतर. टेक्सासमधल्या दोन वन्यजीव अभ्यासकांनी १९७५ साली पुस्तक लिहून मांडलं की नुसती संख्या वाढवू नका, हरणं धष्टपुष्ट कशी राहतील ते बघा. मग जमीनमालक विचारू लागले, उन्हाळ्यात हरणाला काय पेरावं?

आता 'उन्हाळ्यात' का? त्यांचा उन्हाळा म्हणजे आपल्या खरिपाचाच हंगाम, मे ते सप्टेंबर. या हरणांची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि वसंतापासून उन्हाळाभर नवी वाढतात. (आपल्या काळविटाची शिंगं गळत नाहीत, म्हणून शास्त्र त्याला खरं हरीण म्हणत नाही.) त्याच दिवसांत माद्या वितात आणि पाडसांना पाजतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला काय लागतं ते आपल्याला सांगायला नको. मादीच्या खाण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, आणि भर उन्हात जंगलातला पाला निबर होतो. कोवळ्या कडधान्याच्या पाल्यात मात्र वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं सापडतात.

म्हणून त्यांनी निवडलेली पिकं ऐका. पहिली चवळी. ती मूळ आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडं आली आणि आपलीच झाली. अमेरिकेत ती गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर गेली. त्यांच्या परसात वाढली, त्यांच्या हंड्यात शिजली. तिथल्या दक्षिणेत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाणं आजही शुभ मानतात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकींनी वाचलंय. त्याच कार्व्हरांनी कापसानं खंगलेल्या जमिनीसाठी १९०३ साली चवळीवर पत्रिका काढली, आणि १९०८ साली चवळी शिजवायची कशी यावर दुसरी. गरिबाची जमीन आणि गरिबाचं ताट भरणारं हे पीक. आज त्याच चवळीचं एक वेलाळ वाण हरणांसाठी पोत्यानं विकलं जातं.

दुसरा पावटा, म्हणजे आपला वाल. त्याचंही मूळ आफ्रिकेत आणि घर भारतात. आफ्रिकेतल्या केनियातून गेलेलं 'रोंगाई' वाण ऑस्ट्रेलियात चाऱ्यासाठी पुढं आलं आणि तेच पुढं हरणांच्या शेतात शिरलं. टेक्सासच्या विद्यापीठानं २००६ साली आपलं वेगळं वाण काढलं. पावट्याला पाणी कमी चालतं आणि एकदा मूळ धरलं की खाल्ला तरी पुन्हा फुटतो, हे त्याचं मोल.

तिसरा ताग. तो आपल्याच भूमीतला, आपण ज्याचं हिरवळीचं खत करतो तोच. चौथी ज्वारी. तिच्या पाल्याला ही हरणं फारसं तोंड लावत नाहीत, पण तिच्या ताटावर वेल चढतात आणि दाणे पाखरांना मिळतात. सोयाबीन, सूर्यफूल, बाजरी हीही असतात. आपल्या आज्यांनी ज्वारीत चवळी, तूर, मटकी मिसळून पेरली ती घरासाठी. तिकडं तीच मिसळ जनावरासाठी.

निवड करताना ते लोक काय बघतात, हे आपल्या कामाचं आहे. एक, माती. आम्ल मातीत चुना घालतात, बियाण्याला जिवाणू संवर्धन लावतात, जमीन गरम झाल्यावरच पेरतात. दोन, पीक खाणं सोसतं का? सोयाबीन आणि चवळी दोन पानांवर खुडली की मरते. तीन, तुकडा केवढा? हरणं जास्त असतील तर एक एकर म्हणजे चाळीस गुंठ्यांचा तुकडासुद्धा रोप मोठं होण्याआधी साफ होतो. म्हणून एकतर मोठं रान पेरतात, नाहीतर सुरुवातीचे काही आठवडे विजेच्या तारेचं कुंपण घालतात. चार, खाल्लं किती ते मोजतात. रानात तीन-चार फूट रुंदीचं जाळीचं गोल कडं उभं करतात. आतलं पीक शाबूत राहतं, बाहेरचं खाल्लं जातं. दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं.

हे सगळं ऐकून आमच्या गटात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, आपणही गावाबाहेर हरणांसाठी चवळी पेरू, म्हणजे ती आपल्या रानात यायची नाहीत. बाकीच्यांनी विचारलं, पेरायची कुणाच्या जमिनीत? तिथला माणूस शेकडो एकरांचा धनी असतो. तो पेरतो ते शिकारीसाठी, किंवा शिकाऱ्याकडून पैसे मिळतात म्हणून. आपल्याकडं १९७२च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी असंच आमचं मत आहे. पण मग दोन एकरांच्या बाईनं वीस गुंठे हरणाला दिले तर तिच्या हाती काय उरतं? शिवाय तो छोटा तुकडा आठ दिवसांत संपेल आणि कळपाला वाट पाठ होईल. म्हणून आम्ही ठरवलं की तसं करायचं नाही.

पण त्यांच्या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पहिली, ते जाळीचं कडं. ते आम्ही आपल्या मुगात उभं करणार आहोत. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडं लगेच करायचा आणि पंचनाम्याच्या वेळी आतलं पीक आणि बाहेरचं पीक दोन्ही दाखवायचं. "थोडंसंच खाल्लंय" असं म्हणायला मग जागा राहत नाही. दुसरी, पिकाची जागा. कोवळ्या पाल्याचं पीक माळाच्या कडेला नको, ते घराकडच्या अंगाला घ्यायचं. रब्बीत धुऱ्याला काटेरी करडईचे तास टाकायची जुनी रीत होती, ती पुन्हा धरायची.

तिसरी गोष्ट मोठी आहे. हरणाचं खरं खाणं गवत आणि पाला आहे. मेळघाटात, ताडोब्यात वनखात्यानं उठवलेल्या गावांच्या जुन्या शेतांवर गवताची कुरणं वाढवली, तिथं चितळ-गवे चरतात. आपल्या गायरानात आणि माळावर मारवेल, पवन्या टिकला असता तर कळप इतका खाली आला असता का? जनावराला पोसायचं ओझं सगळ्यांच्या जमिनीनं उचलावं, एकट्या कोरडवाहू बाईच्या मुगानं नाही. येत्या ग्रामसभेत गायरानातल्या गवताचा विषय आम्ही मांडणार आहोत. तुमच्या गावात कुठलं गवत होतं, ते कधी गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. त्या आजींनी आम्हाला सात गवतांची नावं एका दमात सांगितली. ती आम्ही लिहून घेतली आहेत.

पुढच्या भागात ती नावं वाचू. तोवर, राखणीला जाताना एकटी जाऊ नका, दोघी मिळून जा.