स्वतःवरची माया, एक ते पाच

आमच्या सोनईत 'माया' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येतो. आजीची नातवावर माया, मालकाची बैलावर माया. पण 'माझी माझ्यावर फार माया आहे' असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. आणि गंमत बघा, नेमकी हीच गोष्ट मोजणारी एक प्रश्नावली गेली वीसेक वर्षं जगभर फिरतेय. कंपन्यांच्या 'वेलनेस'च्या मेलमधूनही असले फॉर्म येतात. भरा, खाली आकडा दिसेल! तर आज या आकड्याची गोष्ट.

मनातलं मोजायचं तर प्रत्येक विधानाला किती वजन द्यायचं, हे ठरवायला १९२८ साली थर्स्टन परीक्षकांची फौज बसवायचे. (थर्स्टन मूळचे इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलेच.) १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्टनी दाखवलं की एवढा खटाटोप नको. 'अगदी मान्य' ते 'अजिबात अमान्य' यांना ५ ते १ गुण द्या आणि सरळ बेरीज मारा. उत्तर जवळपास तितकंच भरवशाचं येतं. आपल्या अप्रेझलच्या फॉर्मचे खापरपणजोबा ते हेच.

मग १९६५ साली मॉरिस रोझेनबर्गनी न्यूयॉर्क राज्यातल्या ५,०२४ शाळकरी मुलांवर स्वाभिमानाची दहा विधानांची पट्टी वापरली. ती इतकी गाजली की १९८६ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने स्वाभिमान वाढवण्यासाठी चक्क समिती नेमली! पण २००३ साली बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास चाळून सांगितलं की नुसता स्वाभिमान फुगवून मार्क काही वाढत नाहीत.

त्याच वर्षी टेक्सासच्या क्रिस्टिन नेफनी वेगळाच प्रश्न मांडला. स्वाभिमान बऱ्याचदा दुसऱ्याशी तुलनेवर उभा असतो. मग आपटल्यावर काय? तेव्हा आपण स्वतःशी कसे वागतो, ते मोजू. ही कल्पना बौद्ध विचारातली. त्यांनी ज्या ध्यानशिक्षकांचा आधार घेतला, त्यातल्या शेरॉन साल्झबर्ग १९७१ मध्ये बोधगयेला गोएंका गुरुजींकडे शिकल्या होत्या. हेच गुरुजी, ज्यांचं केंद्र १९७६ पासून आपल्या इगतपुरीला आहे. म्हणजे माल आपल्याकडचाच, पॅकिंग टेक्सासचं :-)

नेफच्या पट्टीत २६ विधानं आहेत. १३ सरळ: चुकल्यावर स्वतःला समजून घेणं, 'असं सगळ्यांचंच होतं' हे आठवणं, या आशयाची. १३ उलटी: स्वतःला झोडपणं, एकटं पडल्यासारखं वाटणं, त्याच विचारात बुडणं. उलट्यांचे गुण ६ मधून वजा करायचे आणि मग सरासरी.

इथे माझ्यातला टेस्टर जागा होतो. समजा, एकाने सगळीकडे ३ टिकवले, सरासरी ३. दुसरा स्वतःला कायम झोडपतो आणि कायम समजूतही काढतो, म्हणून सगळीकडे ५. त्याचीही सरासरी ३. तिसऱ्याला दोन्हीचा पत्ता नाही, सगळीकडे १. तोही ३! ही अगदी टोकाची उदाहरणं आहेत, मान्य. पण आकडा एक आणि माणसं तीन. पीटर म्युरिस या संशोधकाचा आक्षेप याच वाटेने जातो: उलटी विधानं म्हणजे थेट नैराश्याच्याच खुणा, मग 'करुणा कमी तर नैराश्य जास्त' निघेल नाही तर काय? नेफचं उत्तर असं की दोन्ही बाजूंचा तोल हीच करुणा. मला म्युरिसचं जास्त पटतं. निदान दोन आकडे वेगळे तरी द्या.

आणि 'आपण पूर्वेकडचे, करुणा आपल्या रक्तातच' असं म्हणाल, तर २००८ चा अभ्यास बघा. थायलंडचे विद्यार्थी सर्वांत वर, अमेरिकेचे मध्ये आणि तैवानचे सर्वांत खाली. पूर्वेकडचे दोन देश दोन टोकांना!

मराठीत तर पंचाईत पहिल्याच शब्दाला. 'मी स्वतःवर दया करतो' म्हटलं की मराठी माणसाला ऐकू येते ती स्वतःची कीव. 'स्वतःचे लाड' म्हटलं की आळशीपणा. सोनईहून थोड्याच अंतरावर नेवासं आहे, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटच्या पसायदानात दुष्टांचंसुद्धा भलं मागितलंय. करुणेला शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त त्यांचं तोंड बाहेर. दुसऱ्या बाजूला शिंगणापूर, तिथले शनिदेव केलेल्या कर्माचा हिशोब ठेवणारे. स्वतःला झोडपायला आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही!

असो. यावरचा उपाय जुनाच आहे. १९३४ च्या सुमारास धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांवर ती वापरून पाहिली आणि त्यांच्या उत्तरांवरून नव्याने प्रमाणित केली. १९४० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. स्वतःवरच्या मायेचंही तसंच करावं लागेल. आधी दहा जणांना विचारायचं, 'हे वाक्य वाचून तुम्हाला काय कळलं?' गुण नंतर.

तोवर मेलमधला फॉर्म आला, तर खालचा एकच आकडा बघून हिरमुसू नका. सरळ आणि उलट्या विधानांची सरासरी कागदावर वेगवेगळी काढा. पाच मिनिटांचं काम आहे.