फोर्ट विल्यमचे ग्रंथ

कोलकात्यास हुगळी नदीच्या पूर्वतीरावर फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे असलेल्या ह्या किल्ल्यास २०२४ च्या अखेरीस विजयदुर्ग हे नाव देण्यात आले आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठी आरमाराच्या किल्ल्याशी त्याचे नाते जडले. परंतु मराठी भाषेचा व फोर्ट विल्यम ह्या नावाचा संबंध ह्याहून पुष्कळ जुना आहे. आणि तो तोफांचा नसून ग्रंथांचा आहे.

गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली ह्याने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले. नाव किल्ल्याचे असले तरी कॉलेज भरत असे ते शहरातील रायटर्स बिल्डिंगमध्ये. कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू. विल्यम कॅरी तेथे बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने रचलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये, तर मोडी अक्षरांतील मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजाचे ग्रंथालयही झपाट्याने वाढले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हाती आलेल्या टिपू सुलतानाच्या हस्तलिखितांपैकी पुष्कळशी तेथेच ठेवण्यात आली.

पुढे काटकसरीचे वारे वाहू लागले. १८३० नंतर अध्यापकांच्या जागा कमी झाल्या आणि १८५४ मध्ये कॉलेज बंद झाले. ग्रंथांचा प्रश्न मात्र त्याआधीच पुढे आला होता. मेटकाफच्या आज्ञेने ४,६७५ ग्रंथ १८३६ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीस मिळाले. हस्तलिखितांपैकी काही एशियाटिक सोसायटीकडे, तर काही लंडनला गेली. पब्लिक लायब्ररी १९०३ मध्ये इंपीरियल लायब्ररीत विलीन झाली, आणि तिचेच राष्ट्रीय ग्रंथालय होऊन १९५३ मध्ये ते बेल्व्हेडिअरच्या वास्तूत वाचकांस खुले झाले. कॉलेज गेले, पण त्याच्या ग्रंथांस वाचक लाभत राहिले. टिपूचा संग्रह तर दोन खंडांत विभागला गेला. तरीही त्यात काय काय होते हे आज सांगता येते, कारण चार्ल्स स्ट्यूअर्टने त्याची वर्णनात्मक सूची १८०९ मध्येच छापून ठेवली होती.

सूचीचे हे मोल नदीपलीकडे, शिवपूरच्या वनस्पतिउद्यानात, अधिकच स्पष्ट होते. रॉबर्ट किड ह्याने १७८७ मध्ये आरंभिलेल्या ह्या उद्यानाचा कारभार १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्गकडे होता. त्याने देशी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. मूळ संच कलकत्त्यास ठेवून नकला लंडनला पाठविल्या. उद्यानातील वनस्पतींची त्याने केलेली यादी कॅरीने १८१४ मध्ये श्रीरामपूरला छापली. मराठीचा कोश रचणारा आणि वृक्षांची यादी छापणारा पुरुष एकच होता!

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ कोसळले आणि उद्यानातील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. अर्धशतकापूर्वी तेथे काय लावले होते, हे सांगावयास आता कागदच साक्षीदार उरले. २० मे २०२० च्या अंफान वादळानेही ह्याच उद्यानाची मोठी हानी केली. निसर्गाची गेलेली स्थिती पुन्हा पाहावयास मिळत नाही. तिची नोंद हरवली, तर काय गेले हेसुद्धा कळेनासे होते. म्हणून भाषेच्या ग्रंथांहूनही निसर्गाच्या नोंदींस अधिक जपावे लागते. शंभर वर्षांत कोणी मागितला नाही असा कागद एखाद्या पुरानंतर वा वादळानंतर अकस्मात अत्यावश्यक ठरतो.

ही गोष्ट श्रीमंत राष्ट्रांसही अनुभवानेच शिकावी लागली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये खर्च वाचविण्यासाठी आपली काही ग्रंथालये बंद केली. सारे साहित्य संगणकावर मिळेल असे सांगण्यात आले. पण ते काम पुरे होण्याआधीच ग्रंथ हलले. शास्त्रज्ञांनी व ग्रंथपालांनी आक्षेप घेतला, विधिमंडळाने लक्ष घातले आणि २००८ मध्ये ती ग्रंथालये पुन्हा उघडावी लागली.

सरकारी ग्रंथालय कधीच बंद करू नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. फोर्ट विल्यमचे ग्रंथालय मोडले, तरी त्याचा ठेवा बऱ्याच अंशी टिकला. कारण ग्रंथ वाचत्या संस्थांकडे गेले आणि संग्रहाची सूची मागे राहिली. आज वनस्पती, प्राणी व भूगर्भ ह्यांच्या सर्वेक्षण संस्थांची मुख्य कार्यालये ह्याच महानगरात आहेत. त्यांच्या ग्रंथालयांचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याने कपाटे किती जागा अडवितात हे मोजण्याआधी एवढेच पाहावे, की ग्रंथ कोठे जाणार, ते कोण वाचणार, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसास ते कसे सापडणार. ह्या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून एकही कपाट हलवू नये.