दोन काळी कॉलेजे आणि धावणाऱ्या मुली

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्याकडे वाचले गेले. त्यांच्या पँथरचे नाव १९७२ साली आपल्या तरुणांनी घेतले. त्यांच्या मैदानाचा इतिहास मात्र आपल्या चर्चेत फारसा आलाच नाही. खेळ म्हणजे करमणूक, अशी आपल्या विचारवंतांची एक समजूत आहे. ती तपासली पाहिजे.

अलाबामातील टस्कीगी ही बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली १८८१ साली सुरू झालेली संस्था. तिच्या इमारतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांनी भाजल्या. तेथील क्रीडाशिक्षक क्लीव्ह अॅबट यांनी १९२७ साली आपल्याच मैदानावर स्पर्धा सुरू केल्या आणि १९२९ पासून त्यांत मुलींना उतरवले. १९३७ साली टस्कीगीच्या मुली राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. पुढची दहा वर्षे त्यांचाच दबदबा होता.

हे कसे घडले? गोऱ्या कॉलेजांचा पैसा पुरुषांच्या फुटबॉलवर जात होता. मुलींनी घाम गाळून धावणे तेथील सभ्य समाजाला अशोभनीय वाटे. त्यांनी टाकून दिलेली जागा या कॉलेजांनी धरली. शिवाय धावायला साहित्य थोडे लागते.

अॅलिस कोचमन ही इथलीच. शिष्यवृत्तीच्या बदल्यात ती क्रीडागृह झाडी, खेळाडूंचे कपडे शिवी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीत १.६८ मीटर पार करून ती सुवर्णपदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या गावी, ऑल्बनीला सत्कार झाला. सभागृहात गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही.

नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटमध्ये एड टेम्पल १९५० साली प्रशिक्षक झाले. पगार महिना १५० डॉलर. त्यात कॉलेजचे टपाल कार्यालयही सांभाळायचे. मुलींना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. कॉलेजात रोज दोन तास काम करून त्या फी भागवीत. उन्हाळ्यात शाळकरी मुलींना बोलावून टेम्पल त्यांना तयार करीत. स्पर्धांना मोटारीने जायचे, शिदोरी बांधून. कारण वाटेतल्या खाणावळी आणि शौचालये काळ्यांना बंद. मग शेतात उतरायचे. बंदी म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

१९६० साली रोममध्ये अमेरिकेच्या रिले संघातील चारही मुली या एकाच कॉलेजच्या होत्या. सुवर्णपदक त्यांचेच. लहानपणी पोलिओ झालेल्या विल्मा रुडॉल्फने एकटीने तीन सुवर्णपदके जिंकली. गावी, क्लार्क्सव्हिलला, काळ्या-गोऱ्यांचा वेगळा सत्कार तिने नाकारला. लोकांना एकत्र बसावे लागले. टेम्पल यांच्या चाळीस ऑलिंपिक खेळाडूंनी २३ पदके मिळवली. त्यांतील जवळपास सगळ्या पदवीधर झाल्या. टेम्पल यांचा खरा हिशेब मला या पदव्यांचाच वाटतो.

अशा कहाण्यांतून काटकसरीचे गोडवे गायले जातात. ते मला मान्य नाही. ही गरिबी नैसर्गिक नव्हती. २०२३ साली अमेरिकी केंद्र सरकारने टेनेसीच्या राज्यपालांना लेखी कळवले, की गोऱ्यांच्या विद्यापीठाच्या तुलनेत टेनेसी स्टेटला तीस वर्षांत सुमारे २.१ अब्ज डॉलर कमी मिळाले. तीस वर्षांचा हा आकडा. टेम्पल यांची सुरुवातीची वर्षे त्याच्याही आधीची.

टेम्पल यांचीच शिष्या वायोमिया टायस १९६४ व १९६८, दोन्ही वेळा शंभर मीटर जिंकली. मेक्सिकोत ती मुद्दाम गडद रंगाची चड्डी घालून धावली आणि रिलेचे पदक तिने स्मिथ व कार्लोस यांना अर्पण केले. त्या दोघांच्या उंचावलेल्या मुठींचे छायाचित्र जगभर छापले गेले. तिच्या निषेधाची दखल फारशी कोणी घेतली नाही.